ठणक्याची शिकवण : विदर्भातील सिकलसेलच्या इतिहासाचे एक पान

गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा हे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते तलावामुळे. तिरोडा तालुक्यातला हा जलाशय १९१७ सालचा. हिवाळ्यात तेथे पक्षी पाहणाऱ्यांची वर्दळ असते आणि त्याविषयी लिहूनही आले आहे. आम्ही गेलो ते आषाढात. पाळीखालच्या बांध्यांमध्ये रोवणी चालली होती. वरून पाऊस, खाली गार पाणी, गुडघाभर चिखल, आणि ओणव्याने पऱ्हे लावत मागे मागे सरकणारी बायांची रांग. त्या रांगेपासून बाजूला, धुऱ्यावर, घोंगडी गुंडाळून एक तिशीतली बाई बसली होती. दोन दिवस तिने रोवणी केली होती. तिसऱ्या दिवशी उभे राहणे जमेना. सोबतच्या आशाताईने हळू आवाजात सांगितले, "त्यांचं लाल कार्ड आहे."

लाल कार्ड म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. पिवळे कार्ड वाहकाचे, पांढरे निर्दोष रक्ताचे. या भागात कार्डाचा रंग सांगितला की पुढचे सांगावे लागत नाही. त्या बाईला दवाखान्यातून मिळालेला उपदेशही पाठ होता: गार पाण्यात उतरू नये, अंगमेहनत बेताने करावी, पाणी भरपूर प्यावे, ताप आला की घरी थांबू नये. तिने तो आम्हांला म्हणून दाखवला आणि मग विचारले, हे सगळे खरेच, पण रोवणीचे दिवस वर्षात किती, आणि त्यांची मजुरी कोण भरून देणार?

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. परतल्यावर मात्र आम्ही एक गोष्ट शोधू लागलो. वेदना ज्याच्या हाडात आहे त्याला त्या वेदनेविषयी काय शिकवले गेले, कोणी शिकवले आणि केव्हापासून? सिकलसेलचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे, पण तो बहुधा पेशीचा, रेणूचा आणि सर्वेक्षणांचा इतिहास आहे. शिकवणीचा धागा त्यात शोधून काढावा लागतो.

प्रारंभच पाहा. डिसेंबर १९०४ मध्ये ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण तेथील रुग्णालयात दाखल झाला. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराला विचित्र लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाच्या मथळ्यात पेशीचा आकार आहे, विळ्याची उपमा आहे. रुग्णाचे नाव अर्थातच नाही, आणि पुढे ज्या लक्षणाने हा आजार साऱ्या जगात ओळखला गेला त्या वेदनेलाही मथळ्यात जागा नाही. नोएल पदवी घेऊन मायदेशी परतला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. आपल्या रक्ताने वैद्यकशास्त्रात एक प्रकरण उघडले, हे त्याला कधी कोणी समजावून सांगितले असेल का, असा प्रश्न आम्हांला पडतो.

याउलट घानामध्ये लोकांनी या आजाराला नाव दिले ते वेदनेवरूनच. फेलिक्स कोनोटे-आहुलू या घानाच्या वैद्याने ही नावे गोळा केली. गा भाषेतील 'च्वेच्वेच्वे' आणि फांटी भाषेतील 'न्वीवी' हे शब्द ध्वन्यनुकारी आहेत. हाडे कोणी चावून चघळावीत तशी यातना त्या उच्चारातच आहे. कोनोटे-आहुलूंनी स्वतःच्या कुळातील या आजाराचा माग १६७० पर्यंत नेला होता. म्हणजे हेरिकच्या सूक्ष्मदर्शकाच्या सव्वादोनशे वर्षे आधीपासून एका समाजाला हे दुखणे वेगळे म्हणून ओळखता येत होते.

आमच्या झाडीपट्टीत असे एखादे स्वतंत्र नाव होते का? आम्हांला आढळले नाही. दुखणे वाताच्या नाहीतर बाहेरच्या बाधेच्या खात्यावर जमा होई. वास्तविक दुखण्यासाठी मराठीइतके शब्द फार थोड्या भाषांत असतील. कळ येते, चमक निघते, उसण भरते, तिडीक उठते, रग लागते, अंग कणकणते, गळू ठणकते, काटा सलतो. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठात वेदनेच्या विशेषणांची एक प्रश्नावली तयार केली. रुग्णाने त्यांतून आपला शब्द निवडायचा आणि डॉक्टराने त्यावरून वेदनेचे स्वरूप ताडायचे. मराठी घरांतल्या म्हाताऱ्या हे काम प्रश्नावलीवाचून करीत आल्या आहेत. पण खेड्यातली बाई दवाखान्याच्या टेबलापुढे उभी राहते तेव्हा ही सारी संपत्ती बाहेर ठेवून आत जाते, आणि आत एवढेच म्हणते: अंग दुखते.

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ सालची. लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये या पेशी आढळल्या. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्येही त्या दिसल्याचे प्रसिद्ध झाले. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल वाहकांवरचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि विदर्भ या नकाशावर उमटला. तेव्हापासून पुढची काही दशके येथे मुख्यतः मोजणी झाली. कोणत्या जमातीत किती टक्के, कोणत्या जातीत किती. गोंड, परधान, माडिया, पूर्वाश्रमीचे महार, तेली, कुणबी. ही मोजणी निरुपयोगी होती असे आम्ही म्हणत नाही. हिवतापाच्या प्रदेशात हा जनुक का टिकला, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले ते अशाच मोजणीतून: एकेरी जनुक असलेल्या बालकाला हिवतापाच्या मरणापासून काहीसे संरक्षण मिळते, आणि दुहेरी जनुक ज्याच्या वाट्याला येतो तो त्याची किंमत मोजतो. परंतु ज्यांचे रक्त घेतले त्यांच्या हाती या ज्ञानातले काय पडले, असे विचारले तर तक्ता गप्प असतो.

आणखी एका समजुतीने घोटाळा वाढवला. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलच्या जनुकाची जात वेगळी, अरब-भारतीय म्हणून ओळखली जाणारी. त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बरेच टिकून राहते, म्हणून आफ्रिकी प्रकारापेक्षा तो सौम्य, असे पुस्तकात लिहिले गेले. सरासरीने ते खरे असेलही. पण नागपूरच्या बालरोग विभागात येणाऱ्या मुलांचा आजार वारंवार तीव्र असतो, हे तेथील डॉक्टरांनी नोंदवले. पुस्तकात 'सौम्य' लिहिलेला आजार घेऊन रात्री दोन वाजता कण्हत येणाऱ्या रुग्णावर विश्वास बसणे अवघड जाते. जगभरच्या सिकलसेल रुग्णांची सर्वांत जुनी तक्रार हीच आहे की आमचे दुखणे खरे मानले जात नाही. बाहेरून जखम दिसत नाही, सूज असतेच असे नाही, आणि आठवड्याने तोच माणूस सायकलवर दिसतो.

शिकवणीचा खरा आरंभ आम्हांला दिसतो तो जमैकात. किंग्स्टनमध्ये १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बालकांचे रक्त तपासून सिकलसेल असलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला. ग्रॅहम सर्जंट हे त्या कामाचे प्रमुख. या मुलांमध्ये प्लीहा एकाएकी फुगून तीत शरीराचे रक्त अडकते आणि काही तासांत मूल दगावते, असे दिसून आले. रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर होई. तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट केली: आयांना प्लीहा चाचपायला शिकवले. डाव्या बरगडीखाली बोटे कशी ठेवायची, रोजच्यापेक्षा मोठी लागली तर काय करायचे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार या शिकवणीनंतर अशा प्रसंगांची नोंद वाढली आणि मृत्यू मात्र पुष्कळ घटले. निरक्षर बाईला शरीरशास्त्र कळणार नाही, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध वाचावा. बालकाचे हातपाय सुजणे ही या आजाराची बहुतेकदा पहिली खूण. तीही आयांनाच आधी दिसते.

शिकवण चुकीच्या टोकाने सुरू झाली तर काय होते, याचा दाखला ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावाचा. तेही तलावाकाठचे, हिवतापाने गांजलेले जुने गाव. तलाव पुढे आटवला गेला. तेथे साऱ्या गावाचे रक्त तपासून वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये असा सल्ला देण्यात आला. काही वर्षांनी स्टामाटोयानोपुलोस यांनी परत पाहिले तो वाहकांना कलंक चिकटला होता, ठरलेली लग्ने मोडत होती, आणि लोक आपला निकाल लपवू लागले होते. अमेरिकेत तर १९६८ साली लायनस पॉलिंग यांनी वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी असे सुचवले होते. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे १९४९ मध्ये सिद्ध करणारे तेच पॉलिंग. बुद्धीची झेप आणि माणसाची समज यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. असो.

महाराष्ट्रात हा विषय प्रयोगशाळेबाहेर आणण्याचे श्रेय काही मोजक्या माणसांना द्यावे लागते. पुण्याचे डॉ. सुदाम काटे आदिवासी भागांत वर्षानुवर्षे हिंडले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीच्या माध्यमातून रुग्णांना आणि पालकांना एकत्र आणले, शासनाच्या दारात तो प्रश्न लावून धरला. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनीही आरंभी सिकलसेलचे सर्वेक्षण केले होते. त्या कामाकडे मागे वळून पाहताना त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की संशोधन उत्तम झाले, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही. यापुढे लोकांना विचारून विषय निवडायचा, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. पुढे 'सर्च'ने कंबर आणि सांध्यांच्या दुखण्याचा अभ्यास हाती घेतला, मुंबईच्या मणक्याच्या शल्यचिकित्सकांची शिबिरे भरवली. आम्हांला ही घटना महत्त्वाची वाटते. जनुक कोणाच्या नजरेस पडत नाही. दुखणारी कंबर मात्र प्रत्येक घरात असते.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात, २००८-०९ च्या सुमारास, राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे गोंदियासह विदर्भात सर्वत्र पसरला. आशा कार्यकर्त्या, तपासणी, समुपदेशन, रंगीत कार्डे ही सारी त्याचीच देणगी. डिसेंबरात जनजागृती सप्ताह होतो, १९ जूनला जागतिक दिन. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्राचे निर्मूलन अभियान सुरू झाले; २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहू नये, आणि त्यासाठी सात कोटी लोकांची तपासणी व्हावी, असे त्याचे उद्दिष्ट आहे. 'निर्मूलन' या शब्दापाशी आम्ही थोडे थबकतो. निर्मूलन करायचे ते पुढच्या पिढीतल्या आजाराचे. आज धुऱ्यावर बसलेल्या बाईसाठी त्या शब्दात काय आहे? पत्रिकेऐवजी रक्त जुळवा, हा या मोहिमांचा सर्वांत ठळक संदेश. तो आवश्यकही आहे. पण त्यामुळे गावात कार्ड म्हणजे सोयरिकीचा कागद झाला. ज्याला काहीही दुखत नाही असा पिवळ्या कार्डाचा तरुण स्वतःला रोगी समजतो, आणि लाल कार्डाच्या मुलीचे दुखणे घरचे लोक शेजाऱ्यांपासून लपवतात.

तरीही शिकवणीचा पहिला धडा आज गावापर्यंत पोचला आहे, हे नाकारता येणार नाही. बोदलकशाच्या त्या आशाताईंनी तो कसा शिकवतात हे आम्हांला दाखवले. "नहरेत तणस अडकलं तर पुढची बांधी कोरडी पडते ना? तसंच आहे हे." प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून पेशी ताठ व वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि पुढचे हाड उपाशी राहते: हे सगळे त्या एका वाक्यात आले. पाणी का प्यायचे, गारठा का टाळायचा, तेंदूपत्त्याच्या उन्हात आणि मोहाच्या दारूने दुखणे का उठते, हेही त्याच नहरेच्या आधाराने त्या सांगतात. विळ्याच्या उपमेपेक्षा ही उपमा कितीतरी सरस. विळा ऐकून रक्तात काही कापले जाते असे लोकांना वाटे.

औषधाच्या बाबतीतही शिकवणीवाचून चालत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होतात, हे अमेरिकेतील १९९५ च्या चाचणीत दिसले. नागपूरमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तेच औषध मुलांना कमी, ठरावीक मात्रेत देऊन लाभ होतो हे दाखवले. त्यांचा निबंध २०१२ चा. पण हे औषध कर्करोगातही वापरतात. कोणीतरी गोळीचे नाव वाचून तसे सांगते, आणि बरे वाटत असलेले मूल गोळी थांबवते. शिवाय ही गोळी उठलेला ठणका शमवत नाही, पुढचा ठणका लांबवते. रोज घ्यायची ती दुखत नसताना. हे समजावून सांगायला एक मिनिट पुरत नाही. उठलेल्या तीव्र ठणक्यासाठी जगात मॉर्फिन देतात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते इतके अवघड करून ठेवले की २०१४ ची दुरुस्ती होईपर्यंत डॉक्टरांच्या पिढ्या ते वापरायला शिकल्याच नाहीत. तेव्हा शिकवण फक्त रुग्णाला हवी असे नाही.

दुसरा धडा अधिक कठीण आहे आणि तो अजून सुरूच झालेला नाही, असे आमचे मत आहे. वर्षानुवर्षे झटके सोसलेल्या अनेक रुग्णांना तिशी-चाळिशीत रोजचे दुखणे जडते. काहींच्या खुब्याचे हाड रक्ताअभावी झिजलेले असते. त्याचे कारण चित्रात दिसते. काहींच्या बाबतीत मात्र नहर वाहत असते, बांधीत पाणी असते, आणि तरी बांधी कोरडी असल्याची हाक येत राहते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की वेदनेचा निरोप मज्जारज्जूत वाटेतच कमी-अधिक होतो; तेव्हापासूनच्या संशोधनाने हे उलगडत गेले की सतत निरोप वाहून मज्जासंस्था स्वतःच हळवी होते. थोडक्या कारणाने मोठा ठणका, आणि कधी कारणावाचूनही. ऑस्ट्रेलियाचे बटलर आणि मोझली यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात हे सामान्य रुग्णाला चित्रांनी व गोष्टींनी समजावले, आणि समजणे हाही उपचाराचा भाग होऊ शकतो अशी एक चिकित्सापद्धती त्यातून उभी राहिली. त्याआधी स्टॅनफर्डमध्ये केट लोरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांचे वर्ग रुग्णांकडूनच चालवून घेतले होते: आज किती काम करायचे, थकण्याआधी कसे थांबायचे, पुन्हा हळूहळू कसे वाढवायचे.

हा धडा मराठीत उतरवताना एक धोका आहे. 'दुखणे मज्जासंस्थेत आहे' असे म्हणताच ऐकणारा त्याचे 'दुखणे मनाचे आहे' असे भाषांतर करतो. ज्या बाईला जन्मभर घरातून, शेतमालकाकडून, कधी दवाखान्यातूनही 'काम चुकवते' असे ऐकावे लागले, जिच्या आजाराला जातीचे नाव लावले गेले, तिला हे वाक्य कसे लागेल? पहिल्या धड्याने मिळवलेला विश्वास दुसऱ्या धड्याच्या एका चुकीच्या शब्दाने जाऊ शकतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले, ही मोठी गोष्ट. पण तेथेही दुखणे टक्क्यांत सिद्ध करून दाखवावे लागते. आम्हांला वाटते, दुसऱ्या धड्याची उपमा शहरातल्या तज्ज्ञाला सुचणार नाही. ती नहरेसारखीच एखाद्या आशाताईच्या, किंवा खुद्द रुग्णाच्या तोंडून येईल. मात्र त्यासाठी त्यांना आधी कोणीतरी तो विषय सांगायला हवा, आणि मग त्या काय म्हणतात ते बसून ऐकायला हवे.

त्या दिवशी निघताना आशाताईंनी धुऱ्यावरच्या बाईला गरम पाण्याची बाटली दिली आणि बजावले, "काकू, उद्या चिखलात उतरायचं नाही. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधायला बसा, मी शेतमालकाशी बोलते." मजुरी थोडी कमी मिळेल, पण बुडणार नाही, असा तो हिशेब होता. काकू हसल्या, हो म्हणाल्या, आणि रांगेकडे पाहत राहिल्या. रोवणी संपायला अजून आठ दिवस होते.